रामटेके काकांना लागू नाही

रामटेके काका पहिल्यांदा माझ्या अपार्टमेंटमध्ये आले, तेव्हा दारातच त्यांनी हातातली काठी उगारली. मला वाटलं, हा माणूस मला मारणार. पण काठीचं टोक माझ्या डोक्यावरून छताकडे गेलं आणि त्यांनी स्मोक अलार्मचं बटण दाबलं. तो असा किंचाळला की शेजारचं कुत्रं रडायला लागलं आणि माझ्या हातातला पोह्यांचा ट्रे कलंडला. काकांनी समाधानाने मान हलवली.

"जिवंत आहे," ते म्हणाले. मग, "जय भीम, पोरी."

नंतर कळलं की हे सगळ्यांच्याच घरी होतं. इथे परदेशात दर रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये आमची बुद्धवंदना असते. वंदनेआधी काका काठीने अलार्म वाजवतात, खिडक्या उघडतात का बघतात आणि नवीन आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी विचारतात, "दार कुठंय, पाहिलं का?" बसतात नेहमी जिन्याजवळ. नाश्त्याआधी डोकी मोजतात. एकदा एक डोकं कमी भरलं, तर गॅरेजमध्ये फोनवर बोलत असलेल्या यजमानांच्या जावयाला शोधून आणेपर्यंत त्यांनी कुणाला इडलीला हात लावू दिला नाही.

त्यांचे आवडते शब्द दोनच, 'लागू नाही'. आयुष्य औषधांच्या लॅबमध्ये फॉर्म भरण्यात गेलं, त्याचा हा परिणाम असावा. चहात साखर? लागू नाही. काका, घरी सोडू? लागू नाही. कुठल्याही दुकानापुढे अपंगांसाठीचं निळं पार्किंग दाराला लागून रिकामं असायचं, पण काका गाडी पार टोकाला लावून काठी टेकत यायचे. त्या निळ्या पाटीकडे बोट दाखवलं की तेच दोन शब्द.

ही काठी कशी आली, ते मला नंतर कळलं. लॅबची नोकरी सांभाळून काका वीस वर्षं टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावाच्या, ॲम्ब्युलन्स पथकात होते. स्वयंसेवक. पगार नाही, युनिफॉर्म आणि एक पेजर, बस. पेजर वाजला की जेवणाच्या ताटावरून उठून जायचं. हायवेवर उलटलेल्या गाडीतून एका बाईला बाहेर काढताना मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. बाई वाचली. काकांचा मणका आणि डावा पाय गेल्यातच जमा झाला, पाठोपाठ लॅबची नोकरीही गेली. ते स्वतः ही गोष्ट ट्रॅफिकची तक्रार असल्यासारखी सांगतात: "इंडिकेटर दिला नव्हता त्याने. लेन बदलताना इंडिकेटर द्यायला काय जातं?"

त्यानंतर दोन वर्षांनी काकू गेल्या. मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला असते, चिपच्या कंपनीत. काका त्या चार खोल्यांच्या घरात एकटे.

या वसंतात त्यांच्या हिरवळीवर 'विकणे आहे'ची पाटी उभी राहिली. वंदना संपल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, घराचा टॅक्स आता पेन्शनला झेपत नाही, चँडलरला जातो. मुलगी बोलावतेच आहे. तिथे गरम फार होतं आणि शेजारी कोण आहे ते कळत नाही, पण ठीक आहे. एवढं सांगून ते कुणाचा तरी फायर एक्स्टिंग्विशर तपासायला गेले.

माझं डोकं सणकलं. कारण मी वाचलं होतं की इथे आमच्या राज्यात ड्यूटीवर कायमचं अपंगत्व आलेल्या अग्निशामकांना, पोलिसांना आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना घराच्या टॅक्समध्ये मोठी सूट मिळते. मग काकांना का नाही? स्वयंसेवक म्हणून? रंग सावळा म्हणून? आडनाव उच्चारता येत नाही म्हणून? नागपूरला मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवत मोठी झाले. आमच्या घरात अन्याय दिसला की आधी पत्रकासाठी कागद मोजायचे आणि मग जेवायचं. मी काकांना काही विचारलं नाही. तशी पद्धतच नव्हती. पीडिताची परवानगी घेऊन पत्रक काढल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मी दोनशे प्रती छापल्या, इंग्रजी आणि मराठी. मथळा: 'ज्याने जीव वाचवले, त्यालाच बेघर करता?' खाली भीमजयंतीच्या कार्यक्रमातला काकांचा फोटो, नाव, पत्ता आणि जाड अक्षरांत 'कायमचा अपंग झालेला वीर'.

टाउनशिपच्या जाहीर सभेत मला तीन मिनिटं मिळाली. मी चार घेतली. नोकरशाही, वर्णभेद आणि कृतघ्नता हे सगळं बोलून झालं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मी विजयी चेहऱ्याने बाहेर आले, तर टॅक्स ऑफिसातल्या लिंडाबाई माझ्यामागून पळत आल्या. साठीच्या असतील, गळ्यात चष्मा.

त्या म्हणाल्या, सूट स्वयंसेवकांनाही आहे. तो फॉर्म घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेले होते, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला, ऑफिसातल्या अलार्मची बॅटरी कधी बदलली ते विचारलं आणि फॉर्म परत दिला. त्यावर लिहिलं होतं, लागू नाही.

"आता तूच विचार त्यांना," लिंडाबाई म्हणाल्या. "मी थकले."

माझ्या हातात उरलेली साठ-सत्तर पत्रकं होती, आणि त्यांतला एकही शब्द या बाईंना लागू पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून थेट काकांकडे गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझं पत्रक होतं आणि काका लाल पेन घेऊन त्याच्यासमोर बसले होते.

"ये. पत्ता चुकवला तू," ते म्हणाले. "चौदा नाही, सोळा. ॲम्ब्युलन्स चौदा नंबरला गेली असती आणि मी इथं मेलो असतो."

मी माफी मागायला आले होते, पण आधी राग आला. म्हटलं, काका, घर जातंय तुमचं. एक सही करायची होती. तुमचा हक्क होता तो, कुणाचे उपकार नव्हते. काहून नाही केली?

त्यांनी पत्रक माझ्याकडे सरकवलं. 'कायमचा अपंग' या शब्दांखाली दोन लाल रेघा होत्या.

"हे तू दोनशे वेळा छापलं," ते म्हणाले. "मी एकदाही लिहिलं नाही."

मी काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात खिडकीतल्या चार्जरवर ठेवलेला काळा पेजर वाजला. दोन लांब सूर. मी दचकले. काकांनी काठी घेतली, दुसरा हात टेबलावर रोवला आणि उठायला लागले. मी पुढे झाले, तर मानेनेच नको म्हणाले. उभं राहायला त्यांना बराच वेळ लागला. पेजरमधून कंट्रोल रूममधल्या बाईचा आवाज आला. आज वार अमुक, संध्याकाळचे सहा, ही टेस्ट आहे, फक्त टेस्ट.

"ऐकलं, बाई," काका मराठीत म्हणाले. मग हळूहळू खाली बसले.

मी विचारलं, त्यांना ऐकू जातं?

"छे. हे यंत्र फक्त ऐकतं. बोलत नाही." त्यांनी पेजरवरची नसलेली धूळ पुसली. "तिला माहीतच नाही मी आहे ते. पण सहा म्हणजे सहा. एक दिवस चुकली नाही."

मग त्यांनी सांगितलं. फॉर्मसोबत पथकाच्या चीफचं पत्र लागतं, की हा माणूस पुन्हा ड्यूटीवर येणार नाही. ते पत्र गेलं की यादीतून नाव जातं. नाव गेलं की पेजर परत करायचा. चीफ भली बाई आहे, चार वर्षं तिने विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही.

एक माणूस स्वतःचं घर विकायला निघाला होता, दिवसातून एकदा उभं राहण्यासाठी. याच्याविरुद्ध पत्रक कुणाच्या नावाने काढायचं?

शेवटी मला सुचलं ते फारच साधं होतं. म्हटलं, काका, सहा वाजता मी फोन करीन. रोज.

"तू?" काका पहिल्यांदा हसले. "तू तर वंदनेला त्रिशरण झाल्यावर येते."

ते खरंच होतं. म्हणून मी पुरावा द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सहाला पाच कमी असताना फोन केला. एकदा मीटिंगमधून उठून, एकदा दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतून, अर्धं तोंड बधिर असताना. काका फोन उचलायचे, "दोन मिनिटं लवकर" किंवा "एक मिनिट उशीर" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. पेजरवरच्या बाईंचा मान राखून, त्यांचा सूर वाजायच्या आत.

बाराव्या दिवशी ठेवला नाही. म्हणाले, "लिंडाबाईंना सांग, फॉर्म पाठवा. आणि काळं पेन आण. लाल चालत नाही."

सही करताना त्यांनी 'कायमचं अपंगत्व' लिहिलेल्या ओळीवर बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग लॅबच्या वहीत लिहावी तशी, चौकटीबाहेर न जाणारी सही केली. पेजर त्यांनी धुतलेल्या रुमालात गुंडाळला आणि स्वतः पथकाच्या स्टेशनात नेऊन दिला. तिथल्या निळ्या जागेत गाडी लावली का, हे मी विचारलं नाही. हिरवळीवरची पाटी त्या आठवड्यातच निघाली.

पेजर परत दिला त्याच दिवशी बरोबर सहाला मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. म्हटलं, "संध्याकाळचे सहा. ही टेस्ट आहे. फक्त टेस्ट."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काठी. मग श्वास, एक, दोन, तीन. मी फोन कानाला लावून थांबले.

"ऐकलं, बाई," काका म्हणाले.