सही नंबर एक

“रूपेश, तू ठाण्याच्या ऑफिसात पोचायच्या आत मी बंगळूरला पोचलेला असतो!”

कॅप्टन विश्वजित काळंगेनं हे वाक्य नवी मुंबईतल्या उलव्याच्या सोसायटीत इतक्या वेळा ऐकवलं होतं, की तो लिफ्टमध्ये शिरला की शेजारचा रूपेश जिन्यानं उतरायचा. पण विश्वजितचं तरी काय चुकलं? विमानतळ घरापासून दहा मिनिटांवर! नोकरी बंगळूरची असली म्हणून काय झालं? पावणेदोन तासांचं तर उड्डाण!

त्याचे वडील कृष्णात, मूळचे साताऱ्याचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं गोण्या उचललेला माणूस. त्यांना मात्र हा हिशेब कधीच पटला नाही.

“म्हंजे हितनं तू मोकळा बंगळूरला जानार?”

“हो, बाबा.”

“आन तिथनं इमान भरून परत हितंच आननार?”

“हो, बाबा. ड्यूटी तिथून सुरू होते ना!”

“आमच्या मार्केटात असला ट्रकवाला एक दिवस टिकला नसता!”

आता एक गोष्ट विश्वजित सोसायटीत कधीच सांगत नसे. कामावर जाताना त्याला मिळायचं ते स्टाफचं तिकीट. स्टाफचं तिकीट म्हणजे आमंत्रण नसताना लग्नाला गेल्यासारखं! पंगतीत पान उरलं तर बसा, नाहीतर हसतमुखानं घरी या. म्हणून शहाणे वैमानिक आदल्या दिवशीच निघतात. विश्वजितही निघायचा. पण त्या गुरुवारी त्याच्या अंगात आलं.

“उद्या सकाळी आठचं विमान पकडतो. सव्वाअकराला तिथून माझं उड्डाण. आरामात!”

“आजच जा,” त्याची बायको सुनयना म्हणाली. “दोनदा उशीर झालाय. तिसऱ्यांदा झाला तर कंपनी घरी बसवणार आहे, तूच सांगितलंस ना?”

“अगं, मी पायलट आहे! विमानं मला सोडून जात नसतात!”

सकाळी आठचं विमान त्याला सोडून गेलं. लग्नसराई होती. बंगळूरला निघालेलं एक अख्खं वऱ्हाड नवरदेवासकट वेळेवर हजर झालं आणि एकही जागा उरली नाही. दुसऱ्या एका कंपनीचं विमान नऊला होतं, तेही भरलेलं. काउंटरवरच्या मुलीनं “सॉरी, कॅप्टन” म्हणताना त्याच्या खांद्यावरच्या चार पट्ट्यांकडे असं काही पाहिलं, की त्याला त्या पट्ट्या काढून खिशात घालाव्याशा वाटल्या.

उरलेले काउंटर पालथे घालून, साडेअकराला घामाघूम होऊन त्यानं बंगळूरच्या ड्यूटी ऑफिसातल्या अश्विनला फोन लावला.

“अश्विन, टेन्शन घेऊ नकोस! सकाळी जागा नाही मिळाली. पण आपलं दीडचं विमान आहे ना इथून? त्यात मी येतो! एका जागेचा शब्द दिलाय त्यांनी!”

पलीकडे अश्विननं कीबोर्ड खडखडवला.

“सर, दीडचं विमान तिथं नाहीये. ते इथं उभं आहे.”

“मग पाठवा ना लवकर!”

“सर... सव्वाअकराला इथून तिकडे ते तुम्हीच न्यायचं होतं.”

ज्या विमानानं विश्वजित कामावर जाणार होता, ते विमान त्याच्याचसाठी बंगळूरला खोळंबलं होतं! अश्विननं सांगितलं, की सुट्टीवर असलेल्या कॅप्टन संघप्रियाला घरून बोलावलंय, पण ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहते आणि रस्ते तुंबलेत. दीडचं विमान आता चारला सुटेल.

तेवढ्यात मागून दणदणीत हाक आली.

“काय कॅप्टन! तुमी हितं कसं?”

वामनशेठ! सोसायटीचे चेअरमन. जिथं सोसायटी उभी आहे, तिथं एके काळी त्यांचा भात पिकायचा. आवाज अजून बांधावरून हाक मारल्यासारखाच. शेजारी त्यांची बायको मालतीबाई, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. लेक भाविका बंगळूरला दिली होती आणि संध्याकाळी तिच्या बाळाचं बारसं होतं. पाळण्याचे दोर, बाळलेणी, सगळं यांच्यापाशी.

“दीडच्या इमानात हाव आमी. पन आता चार सांगतान! का, तं पायलट आला नाय! कोन हाय ह्यो पायलट? वलखता का तुमी?”

“चेहऱ्यानं... ओळखतो,” विश्वजित म्हणाला.

“नातवाचा बारसा हाय माजे! नि यो कुठं झोपलाय?”

आजूबाजूचे प्रवासी जमले. “बेजबाबदार माणूस!” “याचं लायसन काढून घ्या!” सगळे विश्वजितकडे बघू लागले. तो गप्प राहिला असता तर संशय आला असता. म्हणून तोही म्हणाला, “असल्या लोकांमुळेच आमचं नाव खराब होतं!”

टाळ्या पडल्या! आणि एकदा टाळ्या पडल्यावर विश्वजितला कोण आवरणार? शिस्त म्हणजे काय, वेळ म्हणजे काय, यावर तो दहा मिनिटं बोलला.

मालतीबाई तेवढ्या हळूच म्हणाल्या, “नुसता शिव्या नका देव. त्याला बी काय अरचन आली असंल. घरी बायको-पोरा असतीन बिचाऱ्याला. घ्या कॅप्टन, लारू खा. सकालपासून उपाशी दिसतान.”

विश्वजितनं मालतीबाईंची नजर चुकवून तो लाडू खिशात टाकला.

इकडे वामनशेठ पेटले होते. त्यांनी कुठून तरी कोरा कागद पैदा केला आणि एका वकीलबाईंकडून तक्रार लिहून घेतली. ‘सदर वैमानिकावर कडक कारवाई व्हावी!’

“पहिली सही कॅप्टनची!”

“माझी? नको, नको! मी त्याच कंपनीत...”

“मंग तं आनखी बरा! पायलटच पायलटच्या विरोधात! बगा कसा वजन परतं!”

साठ-सत्तर माणसं बघत होती. पेन हातात आलं होतं. विश्वजितनं सही केली. घाईत नेहमीचीच झोकदार सही झाली; खाली सवयीनं मोबाइल नंबर आणि ईमेलसुद्धा!

साडेतीनला विमान आलं. चढताना विश्वजित मुद्दाम मालतीबाईंच्या पाठीमागे लपला. दारात कॅप्टन संघप्रिया उभी होती; अर्धी सुट्टी आणि हातातला जेवणाचा घास टाकून आलेली. वामनशेठनी कागद थेट तिच्याच हातात दिला.

“म्याडम, तुमी देवमानूस! पन त्या पायलटला सोरू नका!”

संघप्रियानं कागद वाचला. पहिल्या सहीपाशी तिची नजर थांबली. मग ती वर गेली, वामनशेठच्या डोक्यावरून, मालतीबाईंच्या खांद्यावरून, थेट विश्वजितवर.

“काका, काळजी नको,” ती गोड हसून म्हणाली. “हा कागद मी स्वतः पोचवते!”

वामनशेठ बारशाला कसेबसे पोचले. पाळणा हलला, बाळाचं नाव ठेवलं गेलं. विश्वजितला मात्र त्या संध्याकाळी कंपनीत नावं ठेवली गेली, तीही तीन वेगवेगळ्या साहेबांकडून! दुसऱ्या दिवशी तो उलव्याला परतला. येतानाही त्याला तिसऱ्या विमानात जागा मिळाली.

सोमवारी सकाळी त्याला दोन ईमेल आले. पहिला कॅप्टन विश्वजित काळंगे यांना: ‘वारंवार उशीर केल्याबद्दल आपल्याला दहा दिवस उड्डाणातून दूर ठेवण्यात येत आहे.’

दुसरा श्री. विश्वजित काळंगे, सन्माननीय प्रवासी, यांना: ‘आपणांस झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपल्या तक्रारीची तातडीनं दखल घेऊन संबंधित वैमानिकाला दहा दिवस घरी बसवलं आहे. पुढच्या प्रवासात आपल्याला एक सँडविच मोफत. या कारवाईनं आपण किती समाधानी आहात? कृपया पाचपैकी तारे द्या.’

सुनयनानं विश्वजितच्या मागून वाकून दोन्ही ईमेल वाचले. एरवी पाहुण्यासारखा येणारा हा माणूस चक्क दहा दिवस घरात! तिनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि पटकन पाचही तारे देऊन टाकले!