आईच्या चेहऱ्याची शेड

"रंगांच्या दुकानात उभं आयुष्य गेलं माझं! मला उजेड निवडायला शिकवता?"

हे वाक्य त्याने विजेच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत टाकलं. दुकानदाराने बिचाऱ्याने एवढंच विचारलं होतं, की एलईडी बल्ब पांढऱ्या उजेडाचे देऊ की वॉर्म, म्हणजे उबदार उजेडाचे? पण आपल्या या गृहस्थाला सगळी गल्ली 'शेडकार्ड' म्हणायची. पांढऱ्यातले डझनभर पांढरे ओळखणारा माणूस! त्याला विचारायचं म्हणजे काय?

"वॉर्म द्या. त्यातही सगळ्यात वॉर्म! घर घरासारखं दिसायला हवं, दवाखान्यासारखं नको."

घरी येऊन स्वारी स्टुलावर चढली. तळमजल्याचं घर, समोरची इमारत अगदी नाकाशी, त्यामुळे भरदिवसाही दिवे लागायचेच. जुन्या ट्यूबलाइट उतरल्या, नवे बल्ब चढले.

बायको म्हणाली, "अहो, खोली पिवळी दिसतेय."

"पिवळीच आहे ती! मीच नाही का रंगवली?"

बायकोने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात दुपारची झोप काढून आई बाहेर आली आणि खुर्चीत बसली. त्याने सहज पाहिलं आणि स्टुलावरून उडीच मारली. आई पिवळी! त्याने पिशवीतून रंगांच्या छटांचं शेडकार्ड काढलं आणि तिच्या गालाला लावलं.

"फिकट मोहरी... नाही, त्याच्याही पुढची!"

"अरे मेल्या, मी काय भिंत आहे?"

"डोळे दाखव! बापरे, डोळेही तेच. आई, तुला कावीळ झालीय!"

झालं! आईला दिवाणावर आडवं केलं. विश्रांती हवी म्हणून पडदे ओढले, आणि दिवे मात्र सगळे चालू ठेवले, कारण पेशंटचा रंग बघत राहायला हवा ना! तेल बंद, तूप बंद, चहासुद्धा बंद. "अरे, मला काही होत नाहीये, मला भूक लागलीय!" आई ओरडत राहिली.

"कावीळ झालेल्यांना कळत नसतं," तो म्हणाला आणि तिचे पाय चेपत बसला.

खरं सांगायचं तर तो आतून पार खचला होता. बाबा गेल्यावर हिने लोकांचे कपडे शिवून त्याला आणि बहिणीला वाढवलं. आणि आपण रोज काय करतो, तर दारातूनच "जेवलीस का गं?" म्हणतो आणि उत्तर यायच्या आत रस्ता गाठतो. हिला काही झालं तर? त्याला रडूच कोसळलं.

त्याचा फोन जाताच बहीण ऑफिस टाकून धावत आली. आईकडे पाहून तिनेही गळा काढला. त्याने बहिणीकडे पाहिलं. तीही पिवळी! बायकोकडे पाहिलं. तीसुद्धा!

"साथ आलीय, साथ! कुणी कुणाला हात लावू नका!"

इतक्यात बायकोने बोलावलेले डॉक्टर आत आले. त्यांच्या तोंडाकडे बघून शेडकार्ड दोन पावलं मागे सरकला.

"डॉक्टर, तुम्हाला कधीपासून?"

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वर छताकडे. मग त्यांनी दिवे मालवले, पडदा सरकवला आणि आईला हाताला धरून खिडकीशी नेलं. डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. उजेडात आई होती तश्शी होती, गहूवर्णी आणि रागावलेली.

"यांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "कावीळ तुमच्या बल्बला झालीय."

त्याने वर बल्बकडे पाहिलं. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. बहिणीने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्यालाच मिठी मारली. बायकोने चहा टाकला, चांगला साखर घालून. आई दोन कप चहा प्यायली आणि वर पोटभर जेवली. इतकं सुखाचं जेवण त्या घरात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मग तो बल्ब काढायला गपचूप स्टुलावर चढला.

"एक राहू दे," आई म्हणाली. "माझ्या खोलीत लाव."

"आता कशाला?"

"तू पाय छान चेपतोस."

तो ओशाळला. "आई, बल्ब नसला तरी रोज बसेन मी तुझ्याजवळ."

"बस हो," आई म्हणाली. "पण बल्ब लाव."