राखणीचा कोंबडा

आमच्या शेजारच्या आप्पा शिवलकरांच्या घरात काहीही सुटं नसतं. गॅसचा सिलिंडर भिंतीतल्या कडीला बांधलेला, हंडा नळाला, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा खालून एक दोरी. आप्पांचा सगळा जन्म बोटीवर खलाशी म्हणून गेला. दर्या खवळला की सुटी वस्तू माणसाच्या टाळक्यात बसते, हे त्यांनी तिथं पाहिलेलं. निवृत्त होऊन रत्नागिरीत आले, पण घर हलत नाही यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

"बांधलेलं बरं, बाय. सुटं म्हणजे गेलं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एकदा मी साखर मागायला गेले, तर त्यांनी डब्याची दोरी सोडेपर्यंत इकडे माझा चहा आटून गेला. काकी, म्हणजे त्यांची बायको, हसून म्हणाल्या, "माज्या पदराला तेवडी गाठ मारायची ऱ्हायलीय."

काकी श्रावणात वारल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. मागे उरले आप्पा आणि एक तांबडा कोंबडा.

हा कोंबडा राखणीचा. जवळच्या पावस गावात शिवलकरांची आंब्याची बाग आहे. बागेच्या राखणदाराला, म्हणजे तिथल्या देवाला, वर्षातून एकदा कोंबड्याचा बळी द्यायचा, म्हणजे तो झाडांवर नजर ठेवतो, अशी त्यांच्या घरची पिढ्यांची रीत. यंदाचा कोंबडा काकींनी पिल्लापासून वाढवलेला. त्या त्याला 'सायबा' म्हणायच्या आणि तळहातावर तांदूळ घेऊन भरवायच्या. आप्पा चिडायचे. "राखणीच्या कोंबड्याला नाव कसलं ठेवतेस? उद्या द्यायचाय तो!"

काकी गेल्यावर कोंबडा त्यांना शोधत वाडीभर फिरू लागला. माझ्याही स्वयंपाकघरात येऊन बघून गेला. आप्पांना दुसरा उपाय सुचणं शक्यच नव्हतं. त्यांनी त्याच्या पायाला दोरी लावून पडवीच्या खांबाला बांधला. गाठ बोटीवरची, ओढाल तितकी घट्ट बसणारी.

दुसऱ्याच दिवशी दुपारी कुत्रा आला. सुटा असता तर कोंबडा उडून कौलांवर गेला असता. बिचारा दोरीला हिसडे देत राहिला आणि पाय मोडून बसला. मी केरसुणी घेऊन कुत्र्याला हाकललं. आप्पा धावत आले, पण हिसड्यांनी आवळलेली स्वतःचीच गाठ त्यांना सुटेना. शेवटी मी कोयतीने दोरी कापली.

गुरांच्या डॉक्टरांकडे जायला रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "आप्पा, औषद कसला करताव? रस्सा करा." आप्पा तिथंच उतरले आणि कोंबड्याला छातीशी धरून उन्हातून चालत गेले.

मग सेवा सुरू झाली. पायाला बांबूच्या कामट्या आणि पट्टी, चुलीशेजारी खोक्यात जुन्या लुगड्याचं अंथरूण, चमच्याने पेज. आजवर स्वतःचा चहा न केलेला माणूस कोंबड्यासाठी पेज निवत ठेवून बसलेला मी पाहिला. अधू कोंबडा राखणीला चालत नाही. त्यामुळे पावसहून थोरल्या भावाचा, दादांचा, सारखा फोन. "बरा होतोय ना?" वाडीत सगळे म्हणायचे, राखणदाराच्या धाकानं आप्पा एवढं करतायत. मलाही तेच वाटायचं. पण हाड जुळायला वेळ लागत होता. राखण तोंडावर आली तरी पट्टी पायावर होतीच.

राखणीच्या आदल्या सकाळी मी घावणे घेऊन मागच्या दारानं गेले. कोंबडा स्वयंपाकघरात दोन्ही पायांवर ऐटीत फिरत होता. पट्टी आणि कामट्या खाली पडलेल्या. मी काही बोलणार तोच पुढच्या दारातून दादांची हाक आली. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, कोंबड्याला मांडीवर घेतलं आणि पटापट कामट्या बांधल्या.

दादा आत आले. कोंबडा लंगडत दोन पावलं गेला. "अदूच ऱ्हायला रे ह्यो. जाऊंदे, बाजारातून दुसरा बघतो," म्हणत ते हळहळत निघून गेले.

आप्पांनी कोंबड्याला पुन्हा मांडीवर घेतलं.

"बरा झालाय कधीचाच," ते म्हणाले. "राखणदाराला मी खरं काय ते सांगितलंय, नारळ ठेवून. म्हटलं, कोप करायचा तर माझ्यावर कर. पण तिच्या हातचं खाल्लेले घरात मी आणि हा, दोघंच उरलोय."

त्यांनी पट्टीचं टोक ओढलं, एका ओढीत ती सुटली. मी त्या घराच्या सवयीनं विचारलं, "आता ह्याला बांधून ठेवू?"

"नको. असूदे सुटा."

त्यांनी तळहातावर तांदूळ घेतले आणि अगदी काकींच्या चालीवर हाक मारली, "सायबा!"

कोंबड्यानं आधी दाराकडे पाहिलं. आप्पांनीही पाहिलं. मग तो त्यांच्या हातावरचे तांदूळ टिपू लागला.