‘बघू’वरचा इलाज

दारावरच्या पाटीला चार स्क्रू होते, तीन पितळी आणि एक लोखंडी. लोखंडी स्क्रू एप्रिलपासून हळूहळू बाहेर येत होता आणि एकोणीस डिसेंबरच्या सकाळी तो बरोबर चार मिलिमीटर बाहेर होता. यागोदाने पट्टी लावून पाहिलं होतं. सर्बियातल्या वाल्येवो गावच्या डेअरीत सव्वीस वर्षं दुधातली स्निग्धता मोजणाऱ्या बाईला अशा गोष्टी मोजल्याशिवाय राहवत नाही.

पाटीवर ‘वुकाशिनोविच’ असं लिहिलं होतं. हे आडनाव ज्याचं, तो मिलोये एप्रिलमध्ये “जरा विचार करायला” म्हणून घराबाहेर पडला. जूनमध्ये घटस्फोट झाला. ऑगस्टमध्ये त्याचा विचार करून संपला आणि तेव्हापासून तो दर रविवारी फोन करू लागला.

“यागोदा, येऊ का गं परत?”

“बघू.”

आतापर्यंत वीस रविवार झाले होते आणि वीस ‘बघू’. तिला तो परत नको होता. हे तिला दुसऱ्या रविवारीच स्वच्छ कळलं होतं. फक्त ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं. शेवटच्या फोनवर मिलोये म्हणाला होता, “तू नाही म्हणत नाहीस, म्हणजे हो असणार.” त्या दिवशी यागोदाने आत्मविश्वास शिकवणाऱ्या कोचांचा शोध सुरू केला.

शोध तिने पद्धतशीर केला. एक तक्ता आखला, चौदा नावं लिहिली, अकरा खोडली. उरलेल्या तिघांनी पहिली भेट घरी येऊन, फुकट देऊ केली. तिने तिघांना एकाच दिवशी बोलावलं. चार वाजता, पाच वाजता आणि सहा वाजता. दिवस मुद्दाम एकोणीस डिसेंबरचा निवडला. तो संत निकोलाचा दिवस, मिलोयेच्या घराण्याची स्लावा, म्हणजे कुलसंताचा सण. बावीस वर्षं या दिवशी तिचं घर सासरच्या माणसांनी गच्च भरत आलं होतं. पण घटस्फोटात टीव्ही तिच्याकडे राहिला होता आणि संत मिलोयेकडे गेला होता. रिकाम्या घरात एकटीने बसण्यापेक्षा कोच बरे, असा तिचा हिशोब होता.

चार वाजता रादिवोय आला. तो सत्तावीस वर्षं रेल्वे स्टेशनवर घोषणा करत होता. निवृत्तीनंतर आत्मविश्वास शिकवू लागला होता.

“आत्मविश्वास पोटात असतो, बाई,” तो म्हणाला आणि कपाटातले पेले किणकिणले. “पोटातून म्हणा: नाही!”

“ना...” यागोदा म्हणाली. “बघू.”

“उशिरा धावतेय, पण येईल,” रादिवोयने धीर दिला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात स्तानोयका काकू उभी होती. ही मिलोयेची चुलती. वय शहात्तर, चार मजले चढून आलेली आणि श्वास जराही न फुललेला. तिच्या मागे काका आणि गावची आणखी सात माणसं. काकूच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला भलामोठा कार्प मासा होता.

“स्लावा सुखाची जावो, सूनबाई!” काकूने तिचे तीन मुके घेतले आणि मासा तिच्या हातात दिला.

स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. लोक आपापले येतात आणि दरवर्षी जिथे येतात तिथेच येतात. मिलोयेने घटस्फोटाची बातमी गावात कळवलेली नाही, हे यागोदाला हातात मासा आल्यावर समजलं.

“काकू, त्याचं काय आहे,” ती म्हणाली, “मिलोये इथे...”

“नाही ना? दिसतंच आहे. बाजारात गेला असणार, दरवर्षी काहीतरी विसरतो मेला. गहू कुठेत? मेणबत्ती कुठेय? चूल गार! आजारी होतीस का गं?”

“बघू,” यागोदा म्हणाली.

काकूने कोट काढला, बाह्या सारल्या आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. एका पुतण्याला कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू आणायला पिटाळलं. मग तिची नजर खिडकीपाशी उभ्या असलेल्या रादिवोयवर गेली.

“हे कोण?”

“मी यागोदाबाईंच्या...” रादिवोयने पोटातून सुरुवात केली.

“डेअरीतले. बसा. राकिया घ्या.”

“मी घेत नाही,” रादिवोय म्हणाला. या आवाजावर कधीकाळी अख्खा फलाट मागे सरकत असे.

“संत निकोलाच्या दिवशी?” काकूने विचारलं.

रादिवोयने त्या फळांच्या दारूचा पेला घेतला. मग दुसरा घेतला.

पाच वाजता तियाना आली. ती प्रसन्न, उंच होती आणि तिच्या काखेत गुंडाळलेली चटई होती. खोलीतली अकरा माणसं पाहून तिचे डोळे चमकले.

“अय्या, तुम्ही अख्खा गट जमवलात! किती धाडसाची गोष्ट आहे ही!”

“हा गट नाहीये,” यागोदा हळूच म्हणाली.

“लाजू नका. सगळे उभे राहा! पाय फाकवा, हात वर, छाती पुढे. आपण अस्वल आहोत. दोन मिनिटं. अस्वलाला कुणी कधी ‘नाही’ म्हणतं का?”

स्लावाच्या दिवशी प्रार्थनेला उभं राहायचंच असतं, त्यामुळे गावची माणसं विनातक्रार उभी राहिली. काका सगळ्यांत चांगले अस्वल निघाले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी काही करायला सांगितलं नव्हतं.

“हे शहरातलं नवीन दिसतंय,” काकू कांदा चिरता चिरता म्हणाली. “आमचे पाद्रीबुवा हे करत नाहीत. ए पोरी, हात खाली घे आणि गहू खा.”

“मी साखर सोडलीय, काकू.”

“का? जीवावर उठलीयेस का स्वतःच्या?”

तियानाने एक चमचा खाल्ला. दुसरा चमचा काकूने स्वतः भरवला. साडेपाचला अस्वलीण काकूने दिलेलं अक्रोडाच्या वड्यांचं पुडकं मांडीवर घेऊन शहाण्यासारखी बसली होती.

यागोदाने तक्ता काढला. शुल्क, अनुभव आणि अंतर या रकान्यांपुढे तिने एक नवा रकाना आखला: ‘काकूला नाही म्हणता येतं का’. दोन नावांपुढे शून्य लिहिलं.

आता आशा ओग्न्येनवर होती. हा पन्नाशीचा, सडपातळ, कोरड्या आवाजाचा माणूस फक्त नकारावर काम करत असे. तो सहा वाजता आला. खोलीकडे त्याने शांतपणे पाहिलं आणि चष्मा पुसला.

“माझी पद्धत सोपी आहे. नकार इतका ऐकायचा, इतका द्यायचा, की त्याची भीतीच मेली पाहिजे. मी दाखवतो.” तो काकूकडे वळला. “बाई, तुमची अंगठी मला द्याल?”

“नाही,” काकू पाव कापत म्हणाली.

“तुमची गाडी?”

“नाही. मीठ दे इकडे.”

“तुमचे यजमान, एक आठवडा?”

काकूने अस्वल झालेल्या काकांकडे एकदा पाहिलं. “नाही.”

“पाहिलंत?” ओग्न्येन यागोदाला म्हणाला. “तिन्ही नकार निर्मळ! आता माझे पाहा.”

“मासा वाढू?” काकूने विचारलं.

“नाही,” ओग्न्येन म्हणाला.

काकू हसली. “काटे काढून देते, बाळा.”

ओग्न्येनने अकरा मिनिटं तग धरला. यागोदाने घड्याळ लावलं होतं. बाराव्या मिनिटाला त्याच्यापुढे ताट होतं, आणि साडेसहाला तो काकूला विचारत होता की रश्श्यात नेमकं काय घातलंय. तिने तिसरं शून्य लिहिलं.

पण पेन्सिल खाली ठेवता ठेवता ती थांबली. काकूचे तिन्ही नकार तिने पुन्हा मनात आठवून पाहिले. ते पोटातून आले नव्हते. हात वर गेले नव्हते. आवाज चढला नव्हता, आणि पाव कापणंही थांबलं नव्हतं. ‘नाही’ म्हणताना काकू फक्त हातातलं काम चालू ठेवत होती. एवढंच होतं ते.

त्याच वेळी दार धाडकन भिंतीवर आपटलं. लोखंडी स्क्रू टणकन खाली पडला आणि पाटीचा तो कोपरा सुटून हलू लागला. उंबऱ्यात मिलोये उभा होता. एका हातात स्लावाचा गोल पाव, काखेत मेणबत्ती, आणि मागे दोन सुटकेस.

“मंडळी इकडेच येणार, म्हटलं आपणही इकडेच यावं,” तो हसत म्हणाला.

“आणि सुटकेस?” यागोदाने विचारलं.

“गाडीत ठेवल्या तर शर्ट गारठतात गं.”

“कुठे उलथला होतास?” काकूने विचारलं.

“बाजारात, काकू.”

तो त्याच्या जुन्या खुर्चीत बसला. वाल्येवोतल्या कुठल्याही बाजारात जायला आठ महिने लागत नाहीत. त्याने मेणबत्ती लावली. सगळे उठले आणि घरच्या माणसांनी गोल पावाला हात लावले, तोडण्याआधी तो मिळून फिरवायचा असतो म्हणून. काकूने यागोदाचा हात धरून पावावर ठेवला, मिलोयेच्या हाताशेजारी. पाव फिरू लागला.

“संत निकोलाच्या साक्षीने सांगतो,” मिलोये म्हणाला, “उद्यापासून सगळं पुन्हा पूर्वीसारखं. काय गं, यागोदा?”

मागच्या रांगेतून रादिवोयने स्वतःच्या पोटावर हात ठेवून खूण केली. तियानाने दोन्ही हात वर केले आणि उठताना काखेत धरलेलं पुडकं खाली पडलं. ओग्न्येनला काहीतरी अतिशय महत्त्वाचं सांगायचं होतं, पण त्याच्या तोंडात मासा होता.

“बोल की गं, सूनबाई,” काकू म्हणाली. “पाव कडक होईल.”

यागोदाने पावावरचा हात काढला नाही. उलट पाव तिने आणखी चतुर्थांश फेरा फिरवला, अगदी हलकेच, प्रयोगशाळेतली काचनळी फिरवावी तसा.

“नाही, मिलोये. आपला जूनमध्ये घटस्फोट झालाय आणि तू परत यायचं नाहीस. मेणबत्ती विझली की सुटकेस घेऊन जा, जाताना पाटी काढून ने. काकू, तुम्ही मात्र बसा, तुम्ही अजून जेवला नाहीत.”