सोयाबीनच्या पानाचा फ्लेक्स

आमच्या शिरड शहापूरचे देवराव मामा शेतात पालथे पडलेले दिसले, तर घाबरू नका. मी एकदा घाबरलो होतो. साप चावला, पान लागलं समजून चार माणसं गोळा केली, ऑटो बोलावला. मामांनी मोबाइलवरून डोळा न काढता हात वर केला. "कालवा करू नका. वारा थांबू द्या." दवाच्या एका थेंबासाठी आम्ही पाच जण श्वास रोखून उभे.

मामांचे फोटो असेच. पानाच्या शिरा, कोळ्याचं जाळं, काळ्या मातीच्या भेगा. माणूस औषधालाही नाही. "फोटू म्हनलं की मानूस पोट आत घेतो. पान घेत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. हे ऐकताना मी हमखास पोट आत घेतलेलं असतं.

जवळा बाजारात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं मीही स्वतःला कलाकारच समजतो. तालुक्यातल्या कित्येक पुढाऱ्यांना मी गोरं केलंय, टकलांवर केस उगवलेत. तर मामा एकदा सोयाबीनच्या एका पानाचा दहा बाय सहाचा फ्लेक्स करायला आले.

"मामा, कोपऱ्यात तुमचा फोटो टाकू. खाली शुभेच्छुक."

"पानाला कशाच्या शुभेच्छा रे बाबू? हाय तसं छाप."

हाय तसं छापणं माझ्या हातून होत नाही. पानाला अळीनं भोकं पाडली होती. मी ती बुजवली, पिवळ्या कडा काढल्या. पान निवडणुकीला उभं राहील असं करून टाकलं. कौतुक ऐकायला मिळेल म्हणून टांगायला स्वतः मामांच्या घरी गेलो.

मामी खाटेवर होत्या. लकव्यानं एक बाजू गेली तेव्हापासून शेतात जाणं तुटलं, बोलणंही जवळजवळ बंद. मामा रोज शेतातलं काहीबाही टिपून त्यांच्यासाठी न्यायचे, पण एवढ्याशा पडद्यावरचं मामींना दिसायचं नाही. म्हणून हा फ्लेक्स. हे सगळं मला तिथं गेल्यावर कळलं.

खाटेसमोर तो लावला. मामींनी बराच वेळ पाहिलं.

"हे आपलं न्हाई," म्हणाल्या, आणि तोंड फिरवलं.

मामांनी फ्लेक्स उतरवून गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. तसाच दुकानात आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न सुधारता छापलं.

दुसऱ्या दिवशी नवा फ्लेक्स लावला. मामी बघत राहिल्या. मग त्यांचा चांगला हात हळूहळू उठला, थेट भोकांकडे.

"अळी पडली की! फवारनी काहून न्हाई केली तुमी? मी पडले तं शेत वाऱ्यावर सोडलं व्हय? अन् फोटू काढून राहिले!"

शब्द अडखळत होते, पण राग पक्का होता. मामा मान खाली घालून ऐकत होते. मी मध्ये पडायला गेलो, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"लई दिसांनी वरडून राहिली रे," ते म्हणाले आणि लेकरासारखे रडायला लागले. मामी तोवर अळीवरून शेतातल्या तणावर आल्या होत्या. त्या काही थांबल्या नाहीत.