चालू स्थितीतील प्रवासी

कुंजसराय स्थानकावर एक फलाट होता, एक नळ होता आणि सकाळी दिल्लीला जाणारी शटल तिथे थांबत असे. नळाला पाणी नव्हते. बाकी गोष्टींबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण बाकी फारसे काही नव्हतेच.

अलकनंदाबाई खांबेटे लग्न होऊन फरीदाबादजवळच्या या गावात आल्या, तेव्हापासून याच शटलने दिल्लीतल्या सरकारी प्रयोगशाळेत जात. तिथे त्या पाण्याचे नमुने तपासत. देशभरातले पाणी त्यांच्या टेबलावर येई, फलाटावरचे तेवढे येत नसे. शटल चुकली तर दोन ऑटो, एक मेट्रो आणि साहेबांच्या कपाळावरची आठी असा प्रवास पडे. म्हणून त्यांनी शटल कधी चुकवली नाही.

एका उन्हाळ्यात त्या स्टेशनमास्तर चौहानांकडे गेल्या.

"चौहानजी, नल में पानी नहीं है."

"मॅडमजी, नया हो तो गॅरंटी में बदलेंगे, पुराना हो तो रिपेअर होगा. पहले पता तो चले, कितना पुराना है."

अलकनंदाबाईंना प्रश्न अर्धवट सोडवत नसे. त्यांनी रुमालाने नळावरचा मळ पुसला. खाली ओतीव आकड्यांत साल निघाले : १९५४.

संध्याकाळी हे त्यांनी शेजारच्या श्रीरंगरावांना सांगितले. श्रीरंगराव मराठी मंडळाचे कार्यवाह. ज्याच्याकडे काम असेल त्याचा आधी सत्कार करायचा, ही मंडळाची जुनी कार्यपद्धती. गॅसची जोडणी, शाळाप्रवेश, गणपतीच्या मांडवाची परवानगी, सगळे याच मार्गाने मिळाले होते. पंचक्रोशीतल्या कुठल्याही अधिकाऱ्याच्या कपाटात मंडळाची एखादी शाल सापडतेच.

"वहिनी, अर्ज काय कुणीही करतं यार," श्रीरंगराव म्हणाले. "आपण सत्कार करू."

"नळाचा?"

"साहेबांचा हो! नळ ओघात येईल."

गणेशोत्सवात रेल्वेच्या एका बड्या साहेबांना शाल-श्रीफळ देण्यात आले. श्रीरंगरावांनी भाषणात सांगितले की, फाळणीच्या वेळी आलेल्या निर्वासितांनी स्वतंत्र भारतातला पहिला घोट याच नळाचा घेतला.

"अहो, नळ चोपन्न सालचा आहे," अलकनंदाबाई पहिल्या रांगेतून कुजबुजल्या.

"बिल्कुल! तोपर्यंत ते तहानलेलेच होते," श्रीरंगराव माईकमधून म्हणाले.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या नळामुळे कुठेतरी पाणी आल्याचे अलीकडच्या काळातले ते एकमेव उदाहरण. त्यांनी तिथल्या तिथे 'स्थानक गौरव समिती' जाहीर केली. टाळ्या पडल्या. अलकनंदाबाईंनीही वाजवल्या. सत्कारात हात मोकळे ठेवून बसणे बरे दिसत नाही.

महिन्याभरात नळाभोवती पितळी साखळी आली. पाटी लागली : ऐतिहासिक नळ. स्पर्श करू नये.

"आता दुरुस्ती?" अलकनंदाबाईंनी विचारले.

चौहान दचकले. "हेरिटेज है मॅडमजी! पानी छोड़ेंगे तो जंग लग जाएगा."

समिती कामाला लागली. बाकांना दोर बांधण्यात आले, बसल्याने बाक झिजत होते. प्रतीक्षागृहाचे संग्रहालय झाले. तिकीट खिडकी मूळ स्वरूपात जतन करायची ठरली आणि तिकीटविक्री बंद झाली. खिडकी पाहण्याचे तिकीट मात्र शेजारच्या नव्या खोलीत मिळू लागले. सर्वांत उत्तम अवस्थेत सापडले ते स्वच्छतागृह, कारण ते बांधल्यापासून कुणी उघडलेच नव्हते.

अलकनंदाबाई उभ्याने शटलची वाट पाहू लागल्या. शटल थांबत होती, तोवर त्यांची हरकत नव्हती.

मग संग्रहालयाच्या भिंतीला तडा गेला. समिती विज्ञाननिष्ठ होती, तिने गावातल्या वैज्ञानिकाचे मत मागवले. अलकनंदाबाई म्हणाल्या, "थांबणाऱ्या गाडीच्या ब्रेकमुळे कंपने वाढतात, पण ती नगण्य असतात. तडा गिलावा कच्चा असल्यामुळे गेला आहे." समितीने यातले 'कंपने वाढतात' एवढे स्वीकारले. उरलेल्या वाक्यांत ठेकेदाराचा विषय होता आणि ठेकेदाराचा सत्कार नुकताच झाला होता.

शटलचा थांबा रद्द झाला.

"श्रीरंगराव, मी कामावर जायचं कसं?"

"वहिनी, तुम्ही फक्त स्वतःचं बघता. गावाचं नाव कुठल्या कुठे गेलंय!"

"गावाचं नाव गेलं हो. मला जाता येत नाहीये."

तेवढ्यात पाहणीसाठी दिल्लीहून पथक आले. त्यांना सगळे आवडले, फक्त एक उणीव जाणवली. स्थानक असून त्यात प्रवासी नव्हता. चौहानांना अंधुक आठवले की पूर्वी इथे प्रवासी असत आणि त्यांतली एक बाई अजून गावात आहे.

"वहिनी, मान आहे हा!" श्रीरंगराव पेढे घेऊन आले. "पहिला मान मराठी माणसाला!"

"मला मान नको, गाडी हवी आहे."

"गाडी रोज दिसेल ना! समोरूनच तर जाते."

प्रयोगशाळेने त्यांना आनंदाने समितीकडे प्रतिनियुक्तीवर सोडले. उशिरा येणाऱ्या कर्मचाऱ्यापेक्षा मुळीच न येणारी हजेरीपटात नीट बसते. आता अलकनंदाबाई रोज सकाळी डबा आणि पर्स घेऊन साखळीच्या आत उभ्या राहतात. पाटी आहे : प्रवासी. चालू स्थितीत. खाद्यपदार्थ देऊ नयेत. शटल धडधडत येते तेव्हा जुन्या सवयीने त्या एक पाऊल पुढे टाकतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. समितीला वाटते, बाई अभिनय फार छान करतात.

मागच्या रविवारी तुम्ही नोएडाहून गाडी काढून सहकुटुंब तिथे गेला होतात. मुलांना नळ दाखवलात. "मॅडम, जरा डावीकडे सरका ना, नळ झाकला जातोय," असे तुम्हीच म्हणालात. अलकनंदाबाई सरकल्या आणि तुम्हाला हळूच म्हणाल्या, "जाताना मला मेट्रोपर्यंत सोडाल का?" तुम्ही मनापासून हसलात, बाटलीतले पाणी प्यायलात आणि घरी परतताना फोनवर कुंजसराय स्थानकाला पाच तारे देऊन लिहिलेत : सेवा उत्तम. प्रवासी अगदी खरी वाटते.