तुळशीबाईच्या म्हशीवरील संशोधन

गुन्हा आणि न्याय यांचा शास्त्रीय अभ्यास दोन पद्धतींनी होतो. एकीत मोजतात, दुसरीत ऐकतात. एकोणीसशे बासष्ट साली या दोन्ही पद्धती एकाच मोटारीने शहाद्याला उतरल्या आणि तिथून बैलगाडीने आमच्या आमोदखेडीला आल्या. संख्यात्मक पद्धतीचं आडनाव बेहेरे होतं, गुणात्मक पद्धतीचं मुळगुंद. दोघेही पुण्याचे, अहिराणीचा गंध नाही. सबब दुभाषा म्हणून शाळेच्या मास्तराची, म्हणजे माझी, नेमणूक झाली.

पाहुण्यांची सोय भाईदास आप्पांकडे केली होती. गावातलं इज्जतदार घर, ऐसपैस ओटा, आणि चहाला दाट दूध. हे दूध तुळशीबाईच्या म्हशीचं. महिन्यापूर्वी म्हैस भाईदास आप्पांच्या कपाशीत शिरली म्हणून त्यांनी ती बांधून ठेवली, आणि दुभती निघाली म्हणून सोडली नाही. विधवा तुळशीबाईचं घर त्या एका म्हशीवर चालायचं. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पोलीस पाटील हिंमतरावांनाही होतं, कारण तेही चहाला तिथेच यायचे.

बेहेऱ्यांनी पहिल्याच दिवशी गुन्ह्यांची वही मागवली. अकरा वर्षांचा चोरीचा रकाना कोरा करकरीत होता. बेहेरे हरखले. एवढं स्वच्छ शून्य त्यांना उभ्या जिल्ह्यात मिळालं नव्हतं. तेवढ्यात तुळशीबाई ओट्यापाशी आली.

"सायेब, मन्ही म्हैस चोरीले गयी. लिखी ल्या."

हिंमतराव समजुतीने म्हणाले, "तुन्ही म्हैस कोठे शे, तुले माहीत शे ना?"

"हाई काय, मांगे गोठामा बांधेल शे!"

"मंग? जी वस्तू कोठे शे ते माहीत शे, तिनी चोरी कशी?"

मी भाषांतर केलं. बेहेऱ्यांना तो युक्तिवाद पटला. "बाई, वहीत नोंद असेल तरच मला गुन्हा धरता येतो. नाहीतर उद्या कुणीही उठून सांगेल, माझी म्हैस गेली."

"कोनीबी नही सांगी ऱ्हायनं, सायेब. मीच सांगी ऱ्हायनू."

"एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढता येत नाही," असं सांगून बेहेऱ्यांनी चहा संपवला.

मुळगुंदांना मात्र राहवलं नाही. आकड्यांत माणूस हरवतो, असं म्हणून ते तुळशीबाईच्या अंगणात जाऊन बसले ते चार दिवस.

"म्हैस गेली त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?"

"म्हैस गयी, आसं वाटनं."

मुळगुंदांनी यावर तीन पानं लिहिली. "आणि आता काय वाटतं?"

"आते म्हैस जोयजे."

आता म्हैस पाहिजे, एवढ्यावर सात पानं झाली. रिकामा खुंटा पाहून त्यांचे डोळे भरून आले. मीही रुमाल काढला. मग आम्ही दोघे भाईदास आप्पांकडे चहाला गेलो. त्या चहाची मला आजही लाज वाटते. त्या दिवशी मात्र मी दोन कप घेतले.

ओट्यावर दोन्ही पद्धतींची जुंपली. बेहेरे म्हणाले, गुन्ह्याचं प्रमाण शून्य. मुळगुंद म्हणाले, वेदना अपार. भाईदास आप्पा दोघांनाही मान डोलावून साय वाढत होते. म्हैस सोडा, असं म्हणायचं कुणाच्याच कार्यकक्षेत येत नव्हतं.

पाचव्या दिवशी भर दुपारी तुळशीबाई गोठ्यात शिरली, दोरी सोडली आणि म्हैस घरी घेऊन गेली. भाईदास आप्पांनी लगेच तक्रार दिली. हिंमतरावांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या रकान्यात टाक टेकवला. चोरी, एक. आरोपी, तुळशीबाई.

मी त्यांना बाजूला घेतलं. "पाटील, महिन्यापूर्वी का लिहिलं नाही?"

"मास्तर, आरोपीना घर चहा पीसन आरोपीनं नाव कसं लिखाव?"

बेहेऱ्यांनी गणित मांडलं. गुन्हे एक, उघडकीस आलेले एक, म्हणजे तपास शंभर टक्के यशस्वी. शून्यापेक्षा हे कितीतरी भरीव होतं. मुळगुंदांनाही अहवालातल्या ‘गुन्हेगारी मनाची घडण’ या प्रकरणासाठी माणूस हवा होता, तो घरबसल्या मिळाला. ते धावत तुळशीबाईच्या अंगणात गेले, मागोमाग बेहेरे आणि मी.

"दोरी सोडताना मनात नेमकं काय चाललं होतं?"

"गाठ गंज घट्ट व्हती."

गाठ फार घट्ट होती, असं मी भाषांतर केलं. दोन्ही पद्धती इतक्या एकमताने हसताना मी पहिल्यांदाच पाहिल्या.

पुढचं सगळं कायद्याला धरून झालं. म्हैस मुद्देमाल ठरली. निकाल लागेपर्यंत ती एखाद्या इज्जतदार, गोठा असलेल्या गृहस्थाच्या ताब्यात द्यायची होती. गावात असे गृहस्थ एकच होते. तुळशीबाई तारखेला पायी शहाद्याला जाते. येताना भाईदास आप्पांच्या कुंपणाशी थांबून म्हशीला हाक मारते आणि म्हैस ओ देते. ते अख्ख्या गावाला ऐकू येतं.

अहवाल दोन खंडांत छापून आला. पहिल्यात तक्ते, दुसऱ्यात वेदना. प्रती पाठवण्याचं काम माझ्याकडेच आहे. आजवर तीनशे चौदा जाणकारांनी मागणी केली. म्हशीचं पुढे काय झालं, असं एकाही पत्रात विचारलेलं नाही.

तुम्हाला कोणता खंड पाठवू?